वाढत्या अंगाची सायकल

लालासाहेबांनी लेकीसाठी आजवर जे जे आणलं ते मापानं मोठं निघालं. स्वेटर मोठा, चपला मोठ्या, दप्तर तर एवढं मोठं की लांबून बघणाऱ्याला पोरगी शाळेला चाललीय की दप्तर, हे कळायचं नाही. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण यात आपली काही चूक आहे असं लालासाहेबांना कधी वाटलं नाही. घ्यायचं ते वाढत्या अंगाचं घ्यायचं, हा त्यांचा नियम होता, आणि फौजेतून सुभेदार होऊन बाहेर पडलेला माणूस नियम असा सहजासहजी सोडत नसतो.

नियमाला कारणही तसंच होतं. शिवांजली लहान असताना एका सुट्टीवर येताना त्यांनी तिच्यासाठी जम्मूहून फ्रॉक आणला होता, गुलाबी, छातीवर जरीची फुलं असलेला. आगगाडीत सगळ्या वाटेनं तो त्यांनी मांडीवर सांभाळला, आणि घरी आल्यावर तो पोरीच्या डोक्यातून खाली उतरेना. मागच्या सुट्टीनंतर घरी सोडलेली पोरगी त्यांनी मनात तेवढीच्या तेवढी जपून ठेवली होती. खरी पोरगी काही त्यांच्यासाठी थांबली नव्हती. शिवांजली रडली, फ्रॉक चुलतबहिणीला गेला, आणि लालासाहेब उगाचच गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. तेव्हापासून अंदाजानं माप धरायचं आणि वर एक नंबर चढवायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. आणलेली वस्तू पोरीला पुढं कधीतरी बरोबर व्हायचीच. पुढच्या सुट्टीला ते येईपर्यंत ती बहुतेक फाटलेलीही असायची.

आता ते कायमचे घरी आले होते. कोरेगाव तालुक्यात गाव, घराला लागून उसाचं रान, साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यावर सुरक्षेची नोकरी, आणि घरात सोळा वर्षांची लेक, जी त्यांच्या माघारी भलत्याच नादाला लागली होती. नाद म्हणजे ट्रायथलॉन. आधी पोहायचं, पाण्यातून निघालं की तसंच सायकलवर बसायचं, आणि सायकलवरून उतरलं की तसंच पळत सुटायचं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लालासाहेब म्हणाले की आम्ही रोज हेच करायचो, फक्त आम्हाला कुणी सायकल देत नव्हतं. पोहायला तिला तिच्या चुलत्यानं, तानाजीनं शिकवलं होतं, पाठीला रिकामा डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत. पळायला तिला कुणी शिकवावं लागलं नाही. राहिली सायकल. ती कधी शाळेची असायची, कधी मैत्रिणीची, आणि तसल्या मागून आणलेल्या सायकलवरसुद्धा ती साताऱ्यातल्या स्पर्धेत दुसरी आली होती.

दिवाळीनंतर सांगलीत राज्याच्या संघाची निवड होती. पहिल्या पाचांत आलं तर संघात जागा आणि पुण्याला शिबिर. पुढच्या वर्षी शिवांजलीचा वयोगट बदलणार होता आणि मोठ्या पोरींच्यात पहिल्याच वर्षी निभाव लागणं अवघड होतं, म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी. हे तिनं बापाला एकदाच सांगितलं, तेही भाकरी मोडता मोडता, ताटात बघून. पण लालासाहेबांनी ते ऐकलं आणि हात धुता धुताच ठरवलं की पोरीला सायकल घ्यायची, आणि घ्यायची तर अशी घ्यायची की तिच्याकडं नुसतं बघूनच समोरच्यांनी हाय खावी.

त्यांची बायको क्रांती म्हणाली की आधी साधी घ्या, पोरीला नीट चालवता येईल अशी. पुढचं पुढं बघू. लालासाहेबांना हे पटलं नाही. साधं देऊन देऊनच पोरगी एवढी झाली, असं त्यांचं म्हणणं होतं. तिच्या एकाही वाढदिवसाला ते घरी नव्हते, आणि तेवढ्या सगळ्या वाढदिवसांचं काहीतरी एकरकमी द्यावं, असं त्यांच्या मनात फार दिवस होतं. हे त्यांनी क्रांतीला सांगितलं नाही, पण तिला ते कळलं असावं, कारण ती पुढं काही बोलली नाही.

सांगलीत विश्रामबागेला चिंतामणरावांचं सायकलचं दुकान. गृहस्थ साठीचे, तरी रोज सकाळी सायकलवरून मिरजेला जाऊन येणारे, आणि गिऱ्हाइकाला सायकल विकण्याआधी त्याचे गुडघे निरखणारे. तानाजीच्या पिकअपमधून बापलेक तिथं पोचले, तेव्हा त्यांनी दोन सायकली पुढं काढून ठेवल्या.

पहिली अॅल्युमिनियमची, राखाडी रंगाची, रस्त्यावर पळवायची साधी सायकल. तिच्या हँडलवर कोपरं टेकून वाकून बसायच्या दांड्या वेगळ्या बसवून द्यायच्या, की झाली ट्रायथलॉनची. दिसायला अगदी घरगुती. दुसरी मात्र कार्बनची, खास ट्रायथलॉनसाठीच घडवलेली, काळीभोर, वाऱ्याला चिरत जाण्यासाठी सगळे कोपरे चपटे केलेली. एका डॉक्टरांनी ती मागवली होती, मग त्यांची बदली झाली आणि ती दुकानातच राहिली, म्हणून तिची किंमत बरीच उतरली होती. उतरलेल्या किमतीतही पहिल्यासारख्या चार आल्या असत्या.

लालासाहेब राखाडीकडं बघेचनात. काळ्या सायकलीभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, तिला एका हातानं उचलून पाहिलं, आणि ती एवढी हलकी निघाली की ते जरा ओशाळलेच.

"सुभेदार, सायकल उत्तम आहे, तिच्यात खोट काढायला जागा नाही," चिंतामणराव म्हणाले. "पण हिच्या मापाची नाही. एक साइज मोठी आहे."

लालासाहेबांचा चेहरा उजळला. "मग तर झ्याकच झालं की. वाढतं अंग हाय तिचं."

चिंतामणरावांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. बसायची सीट खाली घेता येईल, पुढची दांडी थोडी आखूड बसवता येईल, पण सांगाडा आहे तेवढाच राहणार. शर्ट मोठा झाला तर बाह्या दुमडता येतात, सायकलचं तसं नसतं. चालवणाऱ्याला पुढं फार ताणून बसावं लागलं तर मान धरते, हात बधिर होतात. राखाडी सायकल साधी असली तरी तिच्या अंगाची आहे, आणि या वयात तेच महत्त्वाचं. लालासाहेबांनी हे सगळं आदबीनं ऐकून घेतलं, आणि दुकानदाराला जुना माल खपवायचा असेल, असं स्वतःशीच ठरवलं. आता महाग वस्तू नको, स्वस्त घ्या, असं सांगणारा दुकानदार कुठला माल खपवत असेल, हा प्रश्न त्यांना त्या वेळी पडला नाही.

शेवटी चिंतामणरावांनी पोरीलाच विचारलं. शिवांजलीनं काळ्या सायकलच्या चाकावरून बोट फिरवलं. खोटं कशाला सांगा, तिलाही भुरळ पडली होती. आणि मग तिनं वर बघितलं तर बाप तिच्याकडं असा बघत होता, जसं काही निवड त्याचीच व्हायची आहे. "ही चालंल," ती म्हणाली.

गावात सायकल उतरली तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली. क्रांतीनं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला तो सायकलीपासून दहा हात लांब, कारण लालासाहेबांना तडा जायची धास्ती वाटत होती. प्रत्येकाला ती उचलून बघायची होती. शेजारच्या धोंडुबाईंनी सायकलला स्टँड कुठाय असं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर एवढ्या किमतीत त्यांनी स्टँडसुद्धा दिलं नाही याची हळहळ त्या जाईपर्यंत करत होत्या. लालासाहेबांची छाती त्या दिवशी जी फुगली ती चार दिवस खाली बसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. सकाळी रहिमतपूरच्या रस्त्याला शिवांजली पुढं सायकलवर, आणि गळ्यात शिट्टी अडकवून, पाण्याची बाटली घेऊन लालासाहेब मागं मोटरसायकलवर. पहिला आठवडा नव्याच्या उत्साहात गेला. मग पोरगी मंदावायला लागली. मैत्रिणीच्या सायकलवर ती जेवढी जोरात जायची तेवढंही जाईना. मधूनच ती एक हात सोडून झटकायची, सीटवर मागं-पुढं सरकायची, मान वाकडी करायची. काय होतंय असं विचारलं तर काही नाही म्हणायची. लालासाहेबांनी जास्त जोरात शिट्टी वाजवून पाहिली. त्यानं पुढचं कुत्रं तेवढं बिचकलं.

मग त्यांना चिंतामणरावांचे शब्द आठवले. सायकल थोडी मोठी पडतेय, एवढाच काय तो प्रश्न. लालासाहेब अंगणात बाजेवर बसून यावर विचार करायला लागले, आणि फौजी माणूस विचार करायला बसला की काहीतरी मोहीम निघतेच. सायकल काही लहान होणार नव्हती. पोरगी मोठी होऊ शकत होती. निवडीला अजून वेळ होता, आणि वाढायचंच वय होतं.

दुसऱ्याच दिवशी गोठ्यात दोन खांबांच्या मध्ये लोखंडी नळी ठोकली गेली. रोज सकाळ-संध्याकाळ शिवांजलीनं तिला लोंबकळायचं. म्हशीचं दूध सायीसकट, अंडी, खजूर, शेंगदाणे-गूळ, सगळ्याचा मारा सुरू झाला. उशी न घेता झोपल्यानं पोरं सरळ वाढतात असं धोंडुबाईंनी सांगितलं, म्हणून पोरीची उशी गेली. दाराच्या चौकटीला खडूनं उंचीची खूण केली गेली, आणि दर रविवारी लालासाहेब तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरून खूण किती सरकली ते बघायला लागले. खूण जागची हलली नाही. लालासाहेबांना आधी खडूचा संशय आला, मग चौकटीचा.

शिवांजली मात्र एका शब्दानं कुरकुरली नाही. समोर म्हैस रवंथ करत बघत उभी, आणि ही डोळे मिटून नळीला लोंबकळतेय. लालासाहेब बाजूला उभे राहून बघायचे आणि त्यांचा ऊर भरून यायचा. पोरगी शिस्तीची आहे, आपल्यावर गेलीय, असं त्यांना वाटायचं.

दिवाळी जवळ आली. एके दिवशी कारखान्यात पाळी बदलली म्हणून लालासाहेब दुपारीच घरी आले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. शिवांजली पालथी पडली होती आणि क्रांती तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी तिच्या मानेवर, खांद्यांवर धरून शेकत होती. पोरगी रडत होती. मोठ्यानं नाही, आपलं मुसमुसणं. हाताच्या बोटांना मुंग्या येतात, ब्रेक धरलाय की नाही ते कळत नाही, असं काहीतरी ती सांगत होती, आणि मग म्हणाली, "आई, मी निवडीला जात न्हाई. तू सांग पप्पांना काय तरी. पर सायकलचं नाव घेऊ नगंस. त्यांनी लय हौसेनं आणलीया."

लालासाहेब पायांचा आवाज न करता मागं फिरले आणि पडवीत जाऊन बसले. थोड्या वेळानं क्रांती बाहेर आली. त्यांना बसलेलं बघून तिला काय ते कळलं. ती समोर खांबाला टेकून उभी राहिली.

"आवं, लटकून लटकून हात लांब हुतील तिचं. उंची न्हाई व्हायची," ती म्हणाली.

वाढतं अंग आहे, होईल हळूहळू, असं लालासाहेब पुटपुटले. त्यांनाही ते खरं वाटलं नाही.

"ती वाढायची थांबली," क्रांती म्हणाली. "तुमी घरी यायच्या आदीच थांबली. पोरगी न्हातीधुती झाली की दोन-तीन वर्सांत उंची सरती. तवा तुमी अरुणाचलात हुतासा. जेवढी व्हायची तेवढी ती झाली, आन मी एकटीनंच ती बगितली."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं लालासाहेबांना वाटलं. एवढी वर्षं चौकीवर उभं राहून त्यांनी एक गोष्ट मनाशी धरली होती, की आता घरी गेल्यावर पोरीची थोडी तरी वाढ आपल्या वाट्याला शिल्लक असेल. सगळी नाही, थोडीशी. तेवढीच आपल्या डोळ्यांदेखत होऊ दे. चौकटीवरच्या त्या खडूच्या खुणेत ते दर रविवारी तेच शोधत होते, हे त्यांचं त्यांनाच आत्ता कळलं. क्रांती त्यांच्या शेजारी येऊन बसली. मग ते उठले, पक्कड घेतली आणि गोठ्यातली नळी काढून टाकली.

सकाळी त्यांनी लेकीला सांगितलं की आवर, सांगलीला जायचंय. ती घाबरली. म्हणाली, मी सवय करीन पप्पा, हळूहळू जमंल. लालासाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सवय तू लय केलीस. आता सायकलनं करावी."

काळी सायकल पुन्हा पिकअपमध्ये चढली, ती भर सकाळी, देवळापाशी माणसं बसलेली असताना. तानाजीनं वरून ताडपत्री टाकायला काढली. गावाला चर्चेला विषय कशाला, असं त्याचं म्हणणं. लालासाहेबांनी ताडपत्री खाली ठेवायला लावली. आणि व्हायचं तेच झालं. देवळापाशी गाडी अडली, सायकल परत चालली का, खराब निघाली का, दुकानदारानं फसवलं का, असं दहा जणांनी विचारलं. दुकानदारावर ढकलून मोकळं होता आलं असतं, आणि कुणी शहानिशा करायला सांगलीला गेलंही नसतं.

"सायकल चांगली हाय आन दुकानदारबी," लालासाहेब म्हणाले. "माजंच माप चुकलं."

गावासमोर सुभेदारांनी चूक कबूल केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. लोकांनी गाडीला वाट करून दिली.

चिंतामणरावांनी सायकल उतरवून घेतली, आणि मी म्हटलं नव्हतं का, असं एका अक्षरानं म्हटलं नाही; हे त्यांचे उपकार लालासाहेब पुढं कित्येक दिवस सांगत होते. वापरलेली म्हणून थोडी झळ बसणार होती, ती बसली. मग चिंतामणरावांनी दोन वाटा सांगितल्या. हीच काळी सायकल शिवांजलीच्या मापात मागवता येईल, पण यायला नवीन वर्ष उजाडेल. नाहीतर राखाडी अजून आहेच.

लालासाहेबांची जीभ सवयीनं पुढं गेली. मागवा म्हणाले, तीच मागवा, चांगलं ते चांगलं, जरा उशीर झाला तर झाला. बोलून झालं आणि त्यांनी लेकीकडं पाहिलं. ती काही म्हणायच्या बेतात होती आणि नेहमीसारखी गिळायच्याही बेतात होती.

"बोल," ते म्हणाले. "मी आयकतोय."

"पप्पा, ती येईल तवा निवड झालेली असंल," शिवांजली म्हणाली. "तुमी समदं मला पुढं व्हईल म्हणून आणता. मला एकदा आताचं आणा. मी आता हाय, तेवढीच्या मापाचं."

चिंतामणरावांनी उगाचच एक पाना उचलून पुसायला घेतला. लालासाहेबांनी मान हलवली आणि राखाडी सायकलकडं बोट केलं.

मग माप घेणं सुरू झालं. चिंतामणरावांनी शिवांजलीला भिंतीशी उभं केलं, सायकल स्टँडवर चढवली, तिला वर बसवलं, आणि लालासाहेबांना पुढचं चाक धरून समोर उभं राहायला सांगितलं. त्यामुळे त्यांना तिच्याकडं बघत राहण्यावाचून दुसरं काही काम उरलं नाही. ते बघत राहिले. तिचे हात क्रांतीसारखे होते, मनगटात बारीक. खांदे मात्र त्यांचे होते. उजव्या भुवईवर एक बारका व्रण होता. कशाचा, असं विचारलं तर ती म्हणाली विहिरीच्या पायरीवर पडले होते, लय दिवस झाले. हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. चिंतामणरावांनी सीट बोटभर वर घेतली, दांड्या थोड्या मागं घेतल्या आणि तिला वाकायला सांगितलं. ती वाकली, आणि कोपरं आपोआप जागेवर जाऊन टेकली.

ती तशीच थोडा वेळ थांबली, कुठंतरी दुखेल याची वाट बघत. मग मान वर करून बापाकडं बघून हसली. "कायच दुखत न्हाई," ती म्हणाली.

निवडीच्या दिवशी सांगलीत पहाटेची थंडी होती. लालासाहेब, क्रांती आणि तानाजी सायकलच्या रस्त्यावरच्या वळणाला दोरीला चिकटून उभे होते. शिट्टी लालासाहेबांनी घरीच ठेवली होती. पोहून शिवांजली तिसरी बाहेर आली. सायकलवर मात्र तिला कोल्हापूरच्या आणि नाशिकच्या पोरी मागं टाकून गेल्या, दोघींच्याही सायकली काळ्या, चपट्या, भारीतल्या. सपाट रस्त्यावर फरक दिसत होता. उगाच नाही म्हणण्यात अर्थ नाही, महाग सायकल ही महाग सायकलच असते. पण शिवांजलीची पाठ पाटासारखी सरळ होती, ती हात झटकत नव्हती, सरकत नव्हती, आणि प्रत्येक फेरीला ती आदल्या फेरीएवढ्याच वेगानं समोरून जात होती. सायकल ठेवून पळायला लागली तेव्हा ती पाचवी होती, आणि मागची पोरगी फार लांब नव्हती.

खरा हिशेब तिथं झाला. पुढच्या दोघी सायकलवरून उतरल्या तेव्हा सगळा जोर सायकलवरच खर्चून त्यांचे पाय वाकडे पडत होते. शिवांजली अशी उतरली जशी काही आत्ताच घरातून निघालीय. नाशिकच्या पोरीला तिनं निम्म्या वाटेत गाठलं. कोल्हापूरची सापडली नाही. ती चौथी आली. क्रांतीनं भर रस्त्यात पदर डोळ्यांना लावला आणि तानाजीनं अनोळखी माणसाला मिठी मारली.

निकाल लागल्यावर मंडपात टेबल मांडून संघातल्या पोरींना टी-शर्ट वाटायला घेतले. टेबलामागच्या बाई प्रेमळ होत्या, सकाळपासून शंभर आईबापांशी बोलून त्यांचा आवाज बसला होता. शिवांजलीचं नाव आल्यावर त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग सवयीनं बापाकडं पाहिलं.

"वाढतं वय आहे, एक साइज मोठाच देते," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही होईल."

क्रांतीनं नवऱ्याकडं बघितलं. शिवांजली पायांकडं बघत उभी राहिली.

"नगं मॅडम," लालासाहेब म्हणाले. "तिचं माप तिला ठावं हाय. तिलाच इचारा."

शिवांजलीनं माप सांगितलं. बाईंनी गठ्ठ्यातून लहान टी-शर्ट शोधून काढला आणि तिनं तो तिथंच, घामानं भिजलेल्या कपड्यांवरून, अंगात घातला. खांद्याची शिवण बरोबर खांद्यावर आली. तिनं एकदा स्वतःकडं खाली बघितलं आणि मग बापाच्या समोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, बरोबर झाला बगा."

"व्हय गं बाळा," लालासाहेब म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण पुसायला गेलं असतं तर तेवढा वेळ ती दिसली नसती. "दिसतंय की मला."